चिमटा सरळ, तर गाडी सरळ

कुर्डुवाडी हे रुळांवर मोठं झालेलं गाव. 1897 साली इथून बार्शीकडे अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. दोन रूळ समांतर नसले तर गाडी चालत नाही, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या बुलेट किंवा येझदी मोटरसायकलच्या पुढच्या चिमट्यालाही (फोर्कलाही) हाच नियम लागू.

गाडी नव्याने उभी करताना रंग आणि क्रोमकडे लक्ष जातं, चिमटा मात्र नुसता कसला जातो. मग हात सोडताच गाडी एका बाजूला ओढते आणि खड्ड्यात शॉकअप अडकतो.

आधी चिमट्याचे पाइप काढून जाड काचेवर लोळवा. मधूनच उजेडाची फट दिसली, तर पाइप वाकलेला आहे. मग दोन्ही पाइप क्लँपमध्ये बसवून त्यांवर काचेची पट्टी आडवी ठेवा. पट्टी डुगडुगली, तर चिमट्याला पीळ आहे.

पीळ काढायला खालच्या-वरच्या क्लँपचे, मडगार्डचे आणि अ‍ॅक्सलच्या पकडीचे बोल्ट ढिले करा. चाक बसवून अ‍ॅक्सलचा नट कसा. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक दाबून हँडल चार-पाच वेळा जोराने खाली दाबा. चिमट्याचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. मग खालून वर क्रमाने कसत जा: अ‍ॅक्सलची पकड, मडगार्ड, खालचा क्लँप, शेवटी वरचा.

एवढं करूनही पट्टी हललीच, तर क्लँप वाकलेला आहे. तो जोर लावून बसवू नका, बदला. पुढच्या चाकावर जिवाचा भार असतो.