घरउद्योगाच्या शिक्षणाला ग्रामपंचायतीचा पैसा

राधानगरी तालुक्यात मृग तोंडावर आला की जांभळाच्या झाडाखाली सडा पडू लागतो. करवंदे त्याआधीच संपत आलेली असतात, फणस उतरत असतात. डोंगरकपारीच्या वाड्यांवरच्या बायका पाट्या भरून रस्त्याकडेला बसतात. जांभूळ दोन दिवसही धड टिकत नाही. म्हणून संध्याकाळ झाली की गिऱ्हाईक मागेल त्या भावात पाटी मोकळी करून घरची वाट धरावी लागते. तेच जांभूळ सरबत होऊन बाटलीत गेले तर महिनोन् महिने विकता येते. बीसुद्धा वाया जात नाही, वाळवून त्याची पूड होते. पण हे नीट शिकावे लागते, आणि शिकायला पैसा लागतो. तो पैसा ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर यांसारख्या करांतून जमणाऱ्या पैशांतील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा नियम आहे. जिल्हा परिषदेलाही असाच नियम लागू आहे. तिच्या महिला व बालकल्याणाच्या योजनांचे दोन गट पाडलेले आहेत: एक प्रशिक्षण व सक्षमीकरणाचा, दुसरा वस्तू खरेदीचा. आता होते काय, की वस्तूंच्या गटाचे नाव सर्वांना पाठ असते. शिलाई यंत्र आले का, पिठाची गिरणी आली का, अशी चौकशी करायला बायका पंचायत समितीत येतात. पहिल्या गटाची चौकशी करणारी क्वचितच भेटते.

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला 4 लाख आहे. तर 40 हजार रुपये महिला व बालकांसाठी निघाले पाहिजेत. एखाद्या लहान वाडीच्या पंचायतीचे उत्पन्न 80 हजारच असेल, तर निघतील 8 हजार. त्यात अंगणवाडीचाही वाटा आला. एवढ्यात कसले प्रशिक्षण होणार, असे सरपंच म्हणतील आणि त्यात तथ्यही आहे. पण शिकवणाऱ्याचा सगळा खर्च पंचायतीनेच सोसला पाहिजे असे नाही.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था नावाची सोय देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत केलेली आहे. तिची मूळ कल्पना आपल्या शेजारच्या कर्नाटकातली; 1982 साली धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी अशी पहिली संस्था निघाली. सामान्यतः जिल्ह्याची अग्रणी बँक ही संस्था चालवते आणि कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. अशा संस्थेत शिक्षण फुकट, राहणे-जेवणही फुकट. अडचण वेगळीच आहे. दहा-बारा दिवस घर सोडून कोल्हापुरात राहायचे, तर म्हशीची धार कोण काढणार? वैरण कोण आणणार? म्हणून पुरेशा बायका जमवून वर्ग गावातच भरवण्याची मागणी करावी. संस्थांना बाहेरगावी वर्ग घेता येतात. मग पंचायतीचे ते 8 हजार पातेली, बाटल्या, झाकणे बसवण्याचे यंत्र आणि पहिल्या घाण्याची साखर यांना उपयोगी पडतात. उमेद अभियानातील बचतगट गावात असेल, तर बायका गोळा करण्याचे काम निम्मे झालेच म्हणायचे.

शिकायचे काय, हे मात्र आपणच ठरवावे. 1979 साली ग्रामीण तरुणांसाठी ट्रायसेम आली, 1982 साली बायकांच्या गटांसाठी ड्वाक्रा आली. पुढे 1999 साली या योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत मिसळल्या. योजनेचे नाव बदलले तरी बायकांचे शिक्षण म्हटले की शिवणकाम, ही समजूत काही बदलली नाही. शिवणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एका वाडीत तीस जणी शिवायला बसल्या तर तीस जणींपुरती गिऱ्हाइके आणायची कोठून? राधानगरीत जांभूळ आहे, करवंद, फणस, नाचणी आहे. शिक्षण त्याचेच मागावे. (फळे आपल्या मालकीच्या रानातली घ्यावीत, अभयारण्याच्या हद्दीत तोडणी करून अडचणीत येऊ नये.)

शिक्षणाने काय फरक पडतो, याचे एक साधे उदाहरण देतो. सरबत टिकावे म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाईट नावाची पूड घालतात. लिंबाच्या सरबताला ती चालते. जांभळाला घातली तर त्याचा सुरेख जांभळा रंग उडतो आणि गिऱ्हाईक बाटली हातात घेत नाही. अशा रंगीत रसाला सोडियम बेंझोएट वापरतात, तेही ठरलेल्या मापातच. रस लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात आटवायचा नाही, स्टेनलेस स्टीलचे पातेले घ्यायचे. बाटल्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून घ्यायच्या. शिवाय खाण्याचा माल विकायचा, तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती उद्योगालाही नोंदणी करावी लागते आणि बाटलीवर घटक, वजन, तारीख छापावी लागते. यांतले एक जरी चुकले तरी सगळा घाणा अंगावर येतो.

वेळेचेही पाहावे. रोपलावणीत कोणी बाई वर्गाला येणार नाही. मार्चअखेरीस पैसा संपवायचा म्हणून घाईने उरकलेल्या एका दिवसाच्या शिबिरात फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते आणि हात कोरडेच राहतात. सुगी आटोपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत वर्ग झाला आणि मे-जूनमध्ये प्रत्यक्ष फळावर पुन्हा दोन दिवस सराव झाला, तर उपयोग.

त्यासाठी मागणी आधीच नोंदवावी लागते. ग्रामसभेपूर्वी बायकांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. पुष्कळ गावांत ही सभा नुसत्या सह्यांवर पार पडते, म्हणून भगिनींनो, सही करण्यापूर्वी बसून घ्या. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी चांगली, कारण त्यानंतर गावचा आराखडा आणि पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक यांची तयारी सुरू होते. ग्रामसेवकाला दोन गोष्टी विचाराव्यात: यंदा 10 टक्क्यांची रक्कम किती झाली, आणि ती कशावर खर्च पडली? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे. प्रशिक्षणाचा अर्ज लेखी द्यावा, त्यावर विषय, महिना आणि येणाऱ्या बायकांची नावे घालावीत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.