रेणूची चुंबळ

आमच्या पिंपरी पेंढारकडे विहिरीवरून हंडा आणणाऱ्या बाईला कोणी शास्त्र शिकविलेले नसते. पण चुंबळ हंड्याच्या बुडाला बेताची असली तरच तो ठरतो, हे तिला पक्के ठाऊक असते. रेणूंच्या जगात अशी चुंबळ सापडली ती चार्ल्स पेडरसन यांना.

डॉक्टरेट नसलेले हे गृहस्थ अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत संशोधक होते. १९६२ साली वेगळाच पदार्थ बनविताना, कच्च्या मालातील भेसळीमुळे, चिमूटभर पांढरे स्फटिक हाती आले; अर्धा टक्काही नव्हते! दुसऱ्या कोणी ते फेकले असते. पेडरसन यांनी तपासले. ते होते अठरा अणूंचे कडे, त्यात सहा ऑक्सिजनचे. पोकळीत पोटॅशियमचा आयन नेमका बसे. १९८७ साली क्रॅम आणि लेन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे इतरांनी अशा कड्यांना प्रकाशणारा रेणू जोडला. आयन बसला, की उजेड वाढतो! हाच रेणवीय संवेदक. रक्तात पोटॅशियम फार वाढले तर हृदय थांबू शकते. ते वेळीच मोजणे म्हणजे जीव वाचविणे. चिमूटभर स्फटिक न फेकल्याचे हे फळ.