एका खंडाचे दोन विजेते

मे २००१. दहा तारखेला इटलीतल्या बोलोन्या शहरात ‘किंडर बोलोन्या’ हा संघ क्लब बास्केटबॉलमधला युरोपचा विजेता ठरला. तीनच दिवसांनी पॅरिसमध्ये इस्रायलचा ‘मक्काबी तेल अवीव’ हाही युरोपचा विजेता ठरला. दोन्ही चषक खरे, दोन्ही जेतेपदे आजही इतिहासात नोंदलेली. आणि त्या मोसमात हे दोन संघ एकमेकांविरुद्ध एकदाही खेळले नाहीत. दोन विजेते कसे झाले हे समजून घेताना एक जुना वाद समोर येतो : स्पर्धा कोणाची? ती भरवणाऱ्या महासंघाची, की तिच्यात खेळणाऱ्या क्लबांची?

१९५८ पासून ही स्पर्धा ‘फिबा’ या बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाच्या ताब्यात होती. पहिला विजेता होता रीगाचा सैन्यदलाचा संघ. चार दशके कारभार ठरल्यासारखा चालला. महासंघाने वेळापत्रक आखायचे, क्लबांनी खेळायचे. नव्वदच्या दशकात मात्र हिशेब बदलला. १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपीय संघाच्या सदस्य देशांतल्या खेळाडूंना देशोदेशी फिरणे सोपे झाले, आणि मानधनाचे आकडे चढू लागले. वर अमेरिकेच्या एनबीएची ओढ होतीच. खेळाडूंचे पगार, सभागृहांचे भाडे, प्रवास हे सगळे क्लबांच्या खिशातून जात होते. दूरचित्रवाणीचे हक्क आणि प्रायोजकांच्या करारांवर मात्र शेवटचा शब्द फिबाचा. एनबीएमध्ये लीगचे मालक संघच असतात, मग आपणच का नाही, असे मोठे क्लब उघड विचारू लागले.

त्यांच्या मागे ‘युलेब’ होती. युरोपातल्या व्यावसायिक लीगची ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली होती. २००० साली जोर्दी बेर्तोमेउ या कातालान प्रशासकाच्या पुढाकाराने आणि स्पेनच्या टेलिफोनिका कंपनीच्या पाठबळावर तिने स्वतःची स्पर्धा जाहीर केली. नाव काय ठेवले? ‘युरोलीग’. हे नाव फिबाच १९९६ पासून आपल्या स्पर्धेला वापरत होती, पण त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायचे तिला सुचलेच नव्हते. नाव हातचे गेल्यावर फिबाने आपल्या स्पर्धेला ‘सुप्रोलीग’ म्हणायला सुरुवात केली.

मग क्लबांची वाटणी झाली. रिआल माद्रिद, बार्सेलोना, ऑलिंपियाकॉस, झाल्गिरिस, बोलोन्याचे दोन्ही संघ असे चोवीस संघ नव्या युरोलीगकडे गेले. गतविजेता पानाथिनाइकॉस, मक्काबी, मॉस्कोचा सीएसकेए, इस्तंबूलचा एफेस पिल्सेन, पार्टिझान असे वीस संघ फिबाकडे राहिले. कोणत्याही एका यादीकडे पाहिले, तर अर्धा युरोप गायब.

आपल्याकडे २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगने बीसीसीआयला असेच आव्हान दिले होते. बोर्डाने तिच्या खेळाडूंना दारे बंद केली आणि ती लीग फार काळ तगली नाही. फरक इथेच आहे. आयसीएलचे संघ नव्याने उभे केलेले होते, त्यांच्यासाठी जीव टाकणारा प्रेक्षकच नव्हता. युरोपातल्या बंडखोर क्लबांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते होते. बोलोन्याला इटलीत ‘बास्केट सिटी’ म्हणतात. तिथे किंडर या चॉकलेटच्या नावाने खेळणारा संघ मुळात ‘व्हिर्तूस’, आणि शहराचा दुसरा संघ ‘पाफ’ म्हणजे ‘फोर्तितूदो’. प्रायोजकांची नावे बदलत राहिली, माणसांची निष्ठा बदलली नाही. असा क्लब स्पर्धेतून उठून गेला की प्रेक्षकही त्याच्याबरोबर उठून जातो. महासंघाला ते मोसम सुरू झाल्यावर कळले.

खेळाच्या बाबतीत तो मोसम फुकट गेला नाही. युरोलीगच्या उपांत्य फेरीत बोलोन्याचेच दोन संघ भिडले आणि व्हिर्तूसने फोर्तितूदोला ३-० असे बाद केले. अंतिम फेरी पाच सामन्यांची होती, समोर स्पेनमधल्या व्हितोरियाचा ताऊ सेरामिका. पहिला सामना ताऊने बोलोन्यात येऊन जिंकला. मालिका २-२ अशी बरोबरीत आल्यावर पाचव्या सामन्यात व्हिर्तूसने ८२-७४ अशी बाजी मारली. प्रशिक्षक होते एत्तोरे मेस्सिना, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेवीस वर्षांचा अर्जेंटिनी मनू जिनोबिली. दोन वर्षांपूर्वी एनबीएच्या निवड प्रक्रियेत सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला ५७ व्या क्रमांकावर उचलले होते, म्हणजे यादी जवळजवळ संपताना. समोरच्या ताऊमध्ये त्याचेच देशबांधव लुईस स्कोला आणि फाब्रिसियो ओबेर्तो होते. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे तिघे एकत्र सुवर्णपदक जिंकणार होते.

पॅरिसमध्ये सुप्रोलीगने फिबाची जुनी पद्धत पाळली. चार संघ एका शहरात जमवायचे आणि तीन दिवसांत निकाल लावायचा, म्हणजे ‘फायनल फोर’. अंतिम सामन्यात पिनी गेर्शोन यांच्या मक्काबीने झेल्को ओब्रादोविच यांच्या पानाथिनाइकॉसला ८१-६७ असे हरवले. आदल्या वर्षी थेस्सालोनिकीत याच संघाने मक्काबीला अंतिम सामन्यात नमवले होते. त्याची परतफेड झाली, पण युरोपचा खरा विजेता कोण, या प्रश्नावर दोन्ही चषकांची चमक फिकी पडली.

हे दुसऱ्या वर्षी चालणार नाही, हे दोन्ही बाजूंना एका मोसमात उमगले. प्रायोजकाला अर्धा युरोप नको होता आणि प्रेक्षकालाही. २००१-०२ पासून स्पर्धा पुन्हा एक झाली, बत्तीस संघांची, आणि तिची सूत्रे क्लबांच्या कंपनीकडे गेली. एक गंमत मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. जिंकलेल्या बाजूने हरलेल्या बाजूचाच आराखडा उचलला. पाच सामन्यांची अंतिम मालिका गुंडाळली गेली आणि ‘फायनल फोर’ परत आले. २००२ मध्ये ते बोलोन्यातच झाले, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर व्हिर्तूसला पानाथिनाइकॉसने ८९-८३ असे हरवले.

क्लबांचा विजय म्हणजे क्लबांची भरभराट असे मात्र झाले नाही. जिनोबिली २००२ मध्ये एनबीएत गेला. आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या व्हिर्तूसला २००३ मध्ये इटलीच्या व्यावसायिक लीगमधूनच बाहेर काढण्यात आले. पहिल्या बंडखोर मोसमाचा विजेता दोन वर्षांत आपल्याच देशाच्या अव्वल लीगमध्ये नव्हता. स्पर्धेची मालकी मिळवणे आणि ती नफ्यात चालवणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

वादही मिटला नाही, त्याने फक्त जागा बदलली. २०१६ पासून युरोलीग सोळा संघांची झाली आणि त्यातले अकरा दीर्घकालीन परवान्यावर आत बसले. आता संघ वीस आहेत, पण एखाद्या छोट्या देशाचा राष्ट्रीय विजेता फक्त कोर्टवरच्या कामगिरीच्या जोरावर तिथे पोहोचणे अवघडच आहे. २०१६ मध्येच फिबाने राष्ट्रीय लीगमधून पात्र ठरणाऱ्या संघांसाठी ‘बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग’ सुरू केली. २०१७ पासून विश्वचषक पात्रतेचे सामने ऐन क्लब मोसमात आले, पण युरोलीगने वेळापत्रक थांबवले नाही आणि अनेक देशांना आपल्या उत्तम खेळाडूंवाचून खेळावे लागले.

मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबा यांनी युरोपात नव्या लीगची शक्यता एकत्र तपासत असल्याचे जाहीर केले. पंचवीस वर्षांपूर्वी एनबीएचे उदाहरण देऊन क्लबांनी महासंघाला डावलले. आता तीच एनबीए महासंघाचा हात धरून क्लबांच्या दारात आली आहे. या वेळीही निकाल नियमपुस्तकात किंवा न्यायालयात लागण्याची शक्यता कमीच. रिआल माद्रिद, बार्सेलोना, पानाथिनाइकॉससारखे क्लब कोणत्या बाजूला बसतात, त्यावर तो ठरेल. प्रेक्षक ज्यांच्यामागे जातो, स्पर्धा त्यांचीच होते. २००१ च्या त्या दुभंगलेल्या मोसमाने एवढे तरी नक्की केले होते.