अवजार दुसऱ्याचे, मशागत आपली

कोकणात खोत आणि कूळ हे शब्द अजून पुरते विस्मृतीत गेलेले नाहीत. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडले ते १९३७ साली, आणि खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ साली. त्यालाही आता पाऊणशे वर्षे उलटली. तरी त्या व्यवहाराचे मर्म रत्नागिरी जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जमीन एकाने कसावयाची आणि ती कोणत्या अटींवर कसावयाची हे दुसऱ्याने ठरवावयाचे. अटी बदलल्या तर कुळाने एक तर मुकाट्याने मान्य कराव्या, नाही तर हातचे शेत सोडावे. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या जगात परवान्यांचे जे फेरबदल झाले, त्यांकडे पाहताना या जुन्या व्यवहाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. ही तुलना शेवटपर्यंत टिकत नाही हेही खरे. पण ती कोठे टिकते आणि कोठे तुटते, हे पाहण्यासारखे आहे.

सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा काहीही विकत घेतलेले नसते. एम.एस.-सी.आय.टी. चे प्रमाणपत्र मिळवून कचेरीतील संगणकावर पत्रे लिहिणाऱ्या लिपिकाला जी लेखनाची प्रणाली मिळते, ती त्याच्या कचेरीच्या मालकीची नसते. ती वापरण्याची अनुमती तेवढी कचेरीने घेतलेली असते. प्रणाली बसविताना पडद्यावर जो लांबलचक मजकूर येतो आणि जो न वाचता आपण 'मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवतो, तो मजकूर म्हणजे या अनुमतीचे कबुलायतपत्र होय. पत्रे लिहिणाऱ्याला याची झळ क्वचित लागते. जो स्वतः प्रणाली घडवितो, त्याचे मात्र तसे नाही. त्याचा कोयता, कुदळ, नांगर, सारे काही परवान्याचेच असते.

या अवजारांत चाचणीच्या साधनांना विशेष महत्त्व आहे. बँकेच्या संकेतस्थळात लहानसा बदल केला तरी आधीच्या शेकडो गोष्टी, म्हणजे पैसे भरणे, खाते पाहणे, परवलीचा शब्द बदलणे, अजून नीट चालतात की नाही हे तपासावे लागते. माणसाने हे दर वेळी हाताने करावयाचे तर दिवस पुरणार नाही. म्हणून चाचण्याच आज्ञांच्या रूपाने लिहून ठेवतात आणि त्या चालविण्याचे काम एखाद्या साधनाकडे सोपवितात. ज्याने त्या लिहिल्या त्याची खरी पुंजी म्हणजे हा चाचण्यांचा संच. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेत तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर चाचणी हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो योग्यच आहे. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून असलेल्या फिनोलेक्स अकादमीतून बाहेर पडणारा मुलगा पुढे कोकण रेल्वेने मुंबईला किंवा घाट चढून पुण्याला जातो, तेव्हा अनेकदा पहिली नोकरी चाचणीचीच मिळते. पूर्वी चाकरमानी गिरणीत गेला, नंतर कचेरीत गेला. आता तो येथे जातो.

पोस्टमन हे नाव आज संगणकाच्या विद्यार्थ्याला पत्रे वाटणाऱ्या माणसापेक्षा अधिक परिचयाचे आहे. दोन प्रणाली परस्परांशी ज्या निरोपांच्या द्वारे बोलतात, ते निरोप बरोबर जातात-येतात की नाही हे तपासण्याचे हे साधन. अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली ते ब्राउझरला जोडण्याचे एक छोटे उपांग म्हणून केले. २०१४ साली बेंगळुरूला त्याची कंपनी झाली. साधन सुटसुटीत होते, फुकट होते, आपल्या माणसांनी केलेले होते. ते जगभर पसरले आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही आले. मग २०२३ साल उजाडले. त्या वर्षी फुकट वापरणाऱ्यास चाचण्यांचा अख्खा संच आपोआप चालविण्याची मुभा महिन्याला २५ वेळांपुरती मर्यादित झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'स्क्रॅच पॅड' ही सोय बंद करण्यात आली. खाते न उघडता आणि इंटरनेट नसतानाही आपल्याच यंत्रावर काम साठवून ठेवता येई, ते या सोयीमुळे. त्यानंतर खात्याशिवाय सुटे निरोप पाठविता येतात. पण त्यांचा संच बांधून जपून ठेवावयाचा तर खाते उघडावे लागते आणि तो संच कंपनीच्या दूरच्या यंत्रावर जातो.

पुण्या-बेंगळुरूच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हा बदल किरकोळ वाटेल. रत्नागिरीत तो किरकोळ नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील गावे कित्येक दिवस विजेवाचून आणि दूरध्वनीवाचून राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. वादळाचे सोडा, साध्या आषाढातल्या पावसातही तारा तुटतात. ज्या गावात संपर्क हा ऋतुमानावर अवलंबून असतो तेथे 'काम आपल्या यंत्रावर ठेवता येणे' ही चैन नव्हे. शिवाय चाचणी म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा करून पाहणे. शिकाऊ विद्यार्थ्याने एका प्रात्यक्षिकात संच पाच-सहा वेळा चालविला तर पंचवीसची मर्यादा चार-पाच तासिकांत संपते. कंपनीने कोणाची फसवणूक केली असे यात काही नाही. कबुलायतीत बदलाचा अधिकार राखलेला होताच. तो वापरण्यात आला, एवढेच.

याहून बोधप्रद कथा जुनी आहे. नव्या शतकाच्या प्रारंभी चाचणीच्या क्षेत्रात मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा दबदबा होता. तिचे विनरनर हे साधन शिकण्यासाठी खासगी वर्गांतून शुल्क भरून मुले बसत. त्या साधनाची स्वतःची वेगळी भाषा होती. ती अन्यत्र कोठेही चालत नसे. मग त्याच कंपनीचे क्विकटेस्ट प्रोफेशनल हे साधन पुढे आले आणि विनरनर मागे पडता पडता बंदच झाले. ती भाषा ज्यांनी कष्टाने आत्मसात केली त्यांच्या हाती प्रमाणपत्र तेवढे उरले. २००६ साली ह्युलेट-पॅकार्डने सुमारे साडेचार अब्ज डॉलरना मर्क्युरी विकत घेतली. २०१७ साली तो कारभार मायक्रो फोकसकडे गेला, २०२३ च्या जानेवारीत ओपनटेक्स्टकडे. साधनाचे नाव बदलले, मालक बदलले. ज्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेत त्याच्या चाचण्या लिहिल्या जात, ती भाषा निरोपास लागल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरात जाहीर केले. एखाद्या कुळाने एका पिढीत तीन खोत पाहावेत तसे हे झाले.

याच मर्क्युरीच्या वर्चस्वाच्या काळात, २००४ साली, शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीतील जेसन हगिन्स यांनी संकेतस्थळे तपासण्याचे एक साधन लिहिले आणि ते सर्वांस मोकळे करून दिले. मर्क्युरी म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा. म्हणून साधनाचे नाव सेलेनियम. विनोद रसायनशास्त्राचा असला तरी नेम अचूक होता. सेलेनियमचा परवाना अपाचे नावाने ओळखला जातो आणि त्या परवान्यात 'कायमचा' व 'परत न घेता येणारा' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. या दोन शब्दांवर सारा फरक उभा आहे. पुढे ब्राउझरला आज्ञा देण्याची ही पद्धत २०१८ साली जागतिक वेब संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली. त्यामुळे तिच्यावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. वीस वर्षांपूर्वी ज्याने सेलेनियम शिकण्यास आरंभ केला त्यालाही नव्या आवृत्त्या शिकाव्या लागल्या, नाही असे नाही; पण त्याच्या विद्येचा धागा तुटला नाही.

मोकळ्या परवान्याची साधनेही अलीकडे आपला परवाना बदलू लागली आहेत, असा आक्षेप यावर कोणी घेईल. तो वस्तुस्थितीला धरून आहे. हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या प्रसिद्ध साधनाचा मोकळा परवाना १० ऑगस्ट २०२३ रोजी सोडला आणि प्रतिस्पर्ध्यांना मज्जाव करणारा परवाना घेतला. इलॅस्टिकने २०२१ साली आणि रेडिसने २०२४ साली अशीच वाट धरली. मात्र टेराफॉर्मच्या ज्या आवृत्त्या आधी मोकळ्या दिल्या होत्या त्या परत घेणे हॅशिकॉर्पला शक्य नव्हते. त्यांच्याच पायावर काही आठवड्यांत ओपनटोफू हे समांतर साधन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभे राहिले. रेडिसमधून व्हॅल्की निघाले. पुढे इलॅस्टिकने २०२४ साली आणि रेडिसने २०२५ साली पुन्हा मोकळ्या परवान्याचा पर्याय देऊ केला, यामागे या समांतर साधनांचा वचक मुळीच नव्हता असे म्हणणे कठीण आहे. खोताशी केलेली तुलना तुटते ती येथे. कुळाला दुसरे शेत नव्हते. ज्याच्याजवळ मोकळ्या परवान्याचे बियाणे आहे त्याला ते दुसरीकडे पेरता येते.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. इलॅस्टिकचे म्हणणे असे होते की साधन घडविण्याचा खर्च तिने सोसावा आणि ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीने तेच भाड्याने देऊन नफा कमवावा, हे न्यायाचे नाही. अवजार घडविणाऱ्यालाही पोट असते. डॉकर डेस्कटॉपने २०२१ साली मोठ्या कंपन्यांकडून पैसे मागण्यास आरंभ केला. पण २५० पेक्षा कमी नोकर आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेले लहान उद्योग, तसेच शिक्षणसंस्था यांना त्यातून वगळले. असा बदल समजू शकतो. समजण्यास अवघड आहे तो जावाबाबत ओरॅकलने २०२३ च्या जानेवारीत केलेला बदल. या आकारणीत जावा किती जण वापरतात हा प्रश्नच उरला नाही. संस्थेत एकूण माणसे किती, हे मोजले जाऊ लागले. लहान संस्थेसाठी दर माणशी महिना १५ डॉलर. दोनशे माणसांच्या कारखान्यात एकाच यंत्रावर ओरॅकलची सशुल्क जावा चालत असेल तरी हिशेब होतो महिना ३,००० डॉलरचा, आणि त्यात भांडारातला हमाल व दारावरचा पहारेकरीही मोजला जातो. सुदैवाने याच जावाचा मोकळा अवतार, ओपनजेडीके, सन कंपनीने ओरॅकलच्या आधीच जगाला देऊन ठेवला होता. तो आहे म्हणून अनेकांची सुटका झाली.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा होत नाही याचे एक कारण थोडे लाजिरवाणे आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांत परवाना वाचण्याची रीतच पडली नाही. बोर्लंड कंपनीचे टर्बो सी++ हे डॉसच्या काळातील साधन. जगाने ते सोडून दिल्यावरही कितीतरी वर्षे ते भारतातील प्रयोगशाळांत हातोहात नकलून वापरले जात होते. नव्या यंत्रांवर ते चालेना तेव्हा डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या पोटात घालून ते चालविले गेले. अभ्यासक्रम बदलण्यापेक्षा तेच सोपे वाटले! नक्कल चोरीची आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्यास किमान सात दिवस कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड अशी तरतूद स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली. ती किती शिक्षकांना ठाऊक असेल? जो परवाना मोडण्याचीच सवय असते, त्याच्या अटी बदलल्या काय आणि न बदलल्या काय. पण आता साधने इंटरनेटवरून खात्याच्या द्वारे चालतात, नक्कल करण्यासारखे हातात काही राहत नाही, आणि ही जुनी पळवाट आपोआप बुजत चालली आहे.

मार्ग नाही असे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने फॉसी या प्रकल्पातून महागड्या मॅटलॅबऐवजी सायलॅब, तसेच पायथन आणि इतर मोकळी साधने महाविद्यालयांत नेण्याचे काम कित्येक वर्षे चालविले आहे. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाचे पाठ मराठीतही आहेत. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मोकळ्या प्रणालींवर नेऊन दाखविले. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मोकळ्या साधनांचा विचार आधी करावा असे धोरण जाहीर केले. निरोप तपासण्यासाठी ब्रूनोसारखे मोकळे साधन उपलब्ध आहे. त्यात चाचण्यांचा संच वापरणाऱ्याच्याच यंत्रावर साध्या मजकुराच्या स्वरूपात राहतो, उद्या ते साधन बंद पडले तरी तो वाचता येतो.

एवढ्याने महागडी साधने त्याज्य ठरत नाहीत. मुंबई-पुण्यात नोकरी देणारा जे साधन वापरतो ते मुलाला माहीत असलेच पाहिजे, आणि ते शिकविण्याचे टाळून शिक्षकाने तत्त्वनिष्ठा मिरविण्यात अर्थ नाही. पण पाया मोकळ्या साधनावर घालावा, बाजारातील साधन त्यावर चार-दोन तासिकांत ओळख म्हणून दाखवावे, हा क्रम उलटा होऊ नये. अभ्यासक्रमात साधनाचे नाव न घालता कौशल्याचे नाव घालावे. विद्यार्थ्याने वर्षभर लिहिलेल्या चाचण्या वर्षाअखेर त्याला बरोबर नेता येतात की नाही, हे प्राध्यापकाने प्रात्यक्षिक नेमण्यापूर्वी पाहावे. प्रयोगशाळेतील यंत्रांची, खुर्च्यांची, पंख्यांची नोंदवही प्रत्येक संस्थेत असतेच. यंत्रावर कोणते साधन आहे, ते कोणत्या परवान्याचे, तो परवाना परत घेता येतो की नाही आणि त्याच्या अटी शेवटच्या कधी वाचल्या, असे चार रकाने त्या वहीत वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही.