चिंच लावू नका!

मैत्रिणींनो, लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं चिंचेने घासता ना? पण ते ‘प्रूफ’ असेल तर थांबा! प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं, आरशासारखं चकचकीत नाणं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे १९६९ साली निघालेलं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं प्रूफ नाणं आहे. लेकीच्या फीसाठी त्या विकायला निघाल्या, तर सोनाराने नुसत्या चांदीचा भाव सांगितला! अमेरिकेतल्या एनजीसी, पीसीजीएस या संस्था नाणं तपासून ७० पैकी गुण देतात, डबीत सीलबंद करतात. घासलेलं असेल तर गुण नाहीत, नुसता शेरा! खर्च बराच येतो, म्हणून आधी जाणकाराला दाखवा. तोवर कडेनेच धरा. घरातलं धन मातीमोल जायला नको!