कोण किती बोलतं, यावर संसाराचा समतोल ठरत नाही

बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष जेमतेम ७,०००, हा आकडा बिनदिक्कत सांगितला जातो. त्यावरून बायकोने बोलायचं आणि नवऱ्याने ऐकून घ्यायचं, अशी वाटणीही ठरून जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. संशोधक मथियास मेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांचं रोजचं बोलणं थोड्या थोड्या वेळाने ध्वनिमुद्रित केलं. २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्त्रिया आणि पुरुष दोघांचीही सरासरी १६,००० शब्दांच्या आसपास निघाली. विद्यार्थ्यांवरून संसाराचं काय कळणार, ही शंका रास्त आहे. वयानुसार आकडे बदलू शकतात. पण माणसामाणसांतला फरक स्त्री-पुरुषांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. तेव्हा जोडीदाराला समजून घेताना त्याचा स्वभाव आधी पाहायला हवा.

दुसरा गैरसमज असा, की वर्षानुवर्षांच्या सहवासात न बोलताही सगळं कळतं. केनेथ सॅव्हिट्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या प्रयोगात संदिग्ध वाक्यांचा अर्थ ओळखताना जोडीदार अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपलं म्हणणं जोडीदाराला कळलंय, हा बोलणाऱ्याचा विश्वास मात्र जास्त होता. घरात हेच घडतं. गावच्या घराची दुरुस्ती यंदा करायची का, असा विषय निघतो. बोलका जोडीदार बोलता बोलता विचार करतो. त्याचं पहिलं वाक्य नुसती चाचपणी असते. अबोल जोडीदार आधी मनात हिशेब मांडतो, तोवर समोरचा गवंड्याला फोन लावायच्या गोष्टीपर्यंत पोहोचलेला असतो. एकाला वाटतं होकार मिळाला, दुसऱ्याला वाटतं आपल्याला विचारलंच नाही.

म्हणून दोघांनी निम्मं निम्मं बोलावं, हाही उपाय नाही. दोघांचं म्हणणं निर्णयात उतरतं का, हे पाहायला हवं. बोलक्याने प्रश्न विचारून थांबावं आणि आपल्याला काय कळलं ते सांगून खात्री करून घ्यावी. अबोलाने ‘उद्या सांगते’ किंवा ‘उद्या सांगतो’ म्हणावं, आणि उद्या आपणहून विषय काढावा. नाहीतर ते टाळणंच ठरतं. असं ठरवून बोलणं कृत्रिम वाटेल, हे खरं. पण गृहीत धरण्यातून साचणारी नाराजी त्याहून महाग पडते. एक फरक मात्र विसरू नये: धाकामुळे आलेली शांतता हा स्वभाव नव्हे. तिथे आधी भीती संपायला हवी, आणि त्यासाठी बाहेरची मदत घेण्यात कमीपणा नाही.