कासवांच्या वेळेवर चालणारं गाव

वेळासला कासवांची पिल्लं बघायला जायचं ठरलं, की पहिला फोन गावातल्या एखाद्या घरी करायचा. पलीकडून काकू विचारतात, किती माणसं, मुलं केवढी, तिखट चालतं का. राहायचं त्यांच्याच घरी, पडवीत नाहीतर पाहुण्यांसाठी काढलेल्या खोलीत. सकाळी घावने, दुपारी कुळथाचं पिठलं, कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी. बेत जमला तर उकडीचे मोदकही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव. गेली कित्येक वर्षं मी तिथे जातो आहे, आणि आदरातिथ्याचा व्यवसाय कसा असावा, हे मला मोठमोठ्या हॉटेलांपेक्षा या पडव्यांनी जास्त शिकवलं.

अशा निसर्ग पर्यटनाची जगभरातली पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इकोटुरिझमची कल्पना १९८० च्या दशकात मेक्सिकोचे वास्तुविशारद हेक्टर सेबायोस-लास्कुराइन यांनी रुजवली. कोस्टारिकासारख्या छोट्या देशाने जंगलं राखून त्यावर पर्यटन उभं केलं. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष आंतरराष्ट्रीय निसर्ग पर्यटन वर्ष म्हणून पाळलं. त्याच २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासला कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी खरं तर समुद्रगरुडांच्या शोधात कोकणपट्टी पालथी घालत होते. त्यात त्यांना किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी काढून नेणं तेव्हा किनाऱ्यावर नेहमीचं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, इथली ऑलिव्ह रिडले जातीची कासवं त्याच्या पहिल्या परिशिष्टात. पण रात्री दोन वाजता वाळूवर कायदा कोण वाचतो? संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं, आणि ज्यांना अंडी नेमकी कुठे सापडतात हे ठाऊक होतं, त्यांचंच ज्ञान राखणीच्या कामी आलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता कासवांकडे येतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूवर चढते. भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाच्या अलीकडे जागा निवडते आणि मागच्या वल्ह्यांनी दीडएक फूट खोल खड्डा करते. हा खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, अगदी मडक्यासारखा. शंभरच्या वर अंडी घालून ती वाळू लोटते, अंगाच्या भाराने दाबते आणि तासाभरात समुद्रात परतते. पिल्लांशी तिचा संबंध एवढाच. पहाटे राखणीचं काम करणारे गावातले कासवमित्र किनारा चालत निघतात. वाळूवरच्या वल्ह्यांच्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी हलक्या हाताने काढतात आणि जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा ठेवतात. हे काम काही तासांतच उरकावं लागतं. नंतर अंडं फिरलं तर आतला गर्भ दगावतो.

पुढचं काम वाळूचं. साधारण दीड ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. वाळू गार असेल तर उशिरा, तापलेली असेल तर लवकर. पिल्लू नर होणार की मादी, तेही वाळूची उष्णताच ठरवते. अधिक तापमानात माद्या, कमी तापमानात नर. वातावरण तापत चाललं की या हिशेबाचं काय होणार, ही चिंता मला प्रत्येक उन्हाळ्यात छळते.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची वेळ म्हणजे गावातल्या कासव महोत्सवाचा गाभा. हा महोत्सव २००६ पासून भरतो. दोरीमागे शंभर माणसं उभी असतात, आणि कधी टोपलीखाली नुसती वाळू असते. मग कोणीतरी चिडतं, एवढ्या लांबून आलो म्हणतं. एकदा एका काकूंनी अशा पाहुण्याला शांतपणे सांगितलं, “ती त्यांच्या वेळेला येतात हो. तुम्ही उद्या सकाळपर्यंत राहा.” निसर्ग पर्यटनावरची याहून नेमकी सूचना माझ्या ऐकण्यात नाही. पिल्लं दिसतीलच अशी हमी देणारं पर्यटन मला नको आहे. हमी द्यायची म्हटली की पिल्लं डांबून ठेवण्याचा मोह होतो, आणि जन्मल्यावर पहिल्या काही तासांत अंगात असलेली त्यांची पोहण्याची ताकद वाया जाते.

पिल्लं दिसतात तेव्हा त्यांना पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात. ती चालतात, लाटेने मागे ढकलली जातात, पुन्हा चालतात. क्षितिजाच्या उजळ बाजूकडे त्यांची ओढ असते. म्हणूनच किनाऱ्यावरचे दिवे त्यांचे वैरी. कोकणात अन्यत्र मी एका रिसॉर्टचे प्रखर झोत रात्रभर थेट वाळूवर पडलेले पाहिले, आणि व्यवस्थापकाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. वेळासने किनारा काळोखात ठेवला आणि पाहुण्यांना गावात, घरांत उतरवलं. त्यामुळे खोलीचे आणि जेवणाचे पैसे थेट त्या घरात जातात, आणि अंडी राखण्यात घराघराचा स्वार्थ गुंततो. हा स्वार्थ मला अतिशय चांगला वाटतो.

इथवर जायची वाटही सुंदर आहे. हरिहरेश्वरकडून आलात तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरायचं. खाली जे पाणी असतं ती सावित्री, महाबळेश्वरला उगम पावून इथे समुद्राला मिळणारी. खाडीच्या तोंडावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं, मराठ्यांचा तो हिंमतगड. तासभर काढून वर जावंच.

समुद्रात गेलेल्या कासवांचं पुढे काय होतं, हे आता थोडं कळू लागलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. त्यानंतर आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांनाही टॅग लागले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, तेव्हा मी आनंदाने मित्रांना फोन करत सुटलो होतो. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असा समज त्या एका मादीने हलवला.

जायचं असेल तर मार्च-एप्रिल धरा आणि शनिवार-रविवार टाळा. गर्दीत दोरीपलीकडचं काही दिसत नाही. निदान दोन रात्रींचा मुक्काम ठेवा, म्हणजे टोपली उचलायच्या तीन-चार वेळा तरी पदरात पडतील. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा, रात्री किनाऱ्यावर विजेरी घेऊन फिरू नका, आणि निघण्याआधी काकूंकडची आमसुलं, पोह्याचे पापड मागून घ्या.